हरण्यातला हिशेब

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे दोन सामने झाले. मोसमापूर्वीचे सरावाचेच सामने, पण एनबीएचे संघ भारतात येऊन खेळले ते तेव्हा पहिल्यांदाच. एक संघ होता इंडियाना पेसर्स आणि दुसरा सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांचा जीव साहजिकच किंग्जमध्ये अडकलेला. पहिल्या दिवशी तर प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी मुलंच होती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा जिंकला. दुसरा सामनाही पेसर्सनेच घेतला.

मी तेव्हा शाळेत क्रीडाशिक्षक होतो. सोमवारी मैदानावर आठवीतल्या एका मुलाने मला विचारलं, "सर, हे किंग्ज २००६ नंतर एकदाही बाद फेरीत गेलेले नाहीत म्हणे. मग हा संघ बंद का पडत नाही?" मी उत्तर देण्याआधीच दुसरा म्हणाला, "अरे, तिकडे मुद्दाम हरतात. हरलं की पुढच्या वर्षी चांगला खेळाडू फुकट मिळतो." पहिल्याला ते पटेना. तो माझ्याकडे बघत राहिला. मी शिट्टी वाजवली आणि मुलांना मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. शिक्षकाला उत्तर सुचत नसलं की फेऱ्या उपयोगी पडतात. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, आणि आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

आधी लीगची रचना समजून घेऊ. एनबीएमध्ये तीस संघ आहेत. प्रत्येक संघ ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ८२ सामने खेळतो आणि त्यातून सोळा संघ बाद फेरीत जातात. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. त्यामुळे तिथे शेवटच्या सामन्यापर्यंत जीव तोडून खेळावं लागतं. एनबीएला खालची श्रेणीच नाही. शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये, त्याच मानाने उभा असतो.

उलट त्याला मदत मिळते. दरवर्षी जूनच्या सुमारास नव्या दमाच्या खेळाडूंची निवड होते. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आपल्या पंजाबचा सतनाम सिंग २०१५ साली ५२व्या क्रमांकावर डॅलसने निवडला, तो याच ड्राफ्टमध्ये. या निवडीत आधी हात घालायची संधी दुबळ्या संघांना मिळते. कल्पना चांगली आहे. जेवणाच्या पंगतीत जो काल उपाशी राहिला त्याला आज आधी वाढा, इतकी ती साधी आहे.

पण बास्केटबॉलमध्ये एका वेळी मैदानात पाचच खेळाडू असतात आणि एखादा असामान्य खेळाडू ४८ मिनिटांपैकी चाळीस मिनिटं खेळू शकतो. क्रिकेटमध्ये एकटा फलंदाज किती करणार? इथे एकटा माणूस अख्ख्या संघाचं नशीब पालटू शकतो. शिवाय नवख्या खेळाडूचं मानधन पहिली काही वर्षं ठरलेल्या तक्त्याप्रमाणेच द्यायचं असतं, म्हणजे हिरा मिळतो तो काचेच्या भावात. नावारूपाला आलेला खेळाडू न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, मायामी अशा शहरांकडे ओढला जातो. सॉल्ट लेक सिटी किंवा सॅक्रामेंटोसारख्या शहराला मोठा खेळाडू मिळवायचा तर ड्राफ्ट हाच खरा दरवाजा. मग एखाद्या चाणाक्ष व्यवस्थापकाच्या मनात येतं, की यंदा आपण काही अजिंक्यपद मिळवत नाही. तिसावे संघात मधेच कुठे तरी लोंबकळण्यापेक्षा सरळ तळ गाठलेला काय वाईट? यालाच तिकडे 'टँकिंग' म्हणतात.

या संशयाचा इतिहास जुना आहे. १९८४ पर्यंत पहिली निवड कोणाची हे नाणेफेकीवर ठरत असे. लीगच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत जे संघ शेवटचे, त्यांच्यात नाणं उडवायचं. १९८३-८४ च्या मोसमात ह्यूस्टन रॉकेट्स हा संघ शेवटच्या १७ सामन्यांपैकी १४ हरला. एल्विन हेज हा त्यांचा एके काळचा थोर खेळाडू तेव्हा ३८ वर्षांचा होता, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. मोसमाच्या अखेरीस जादा वेळेत गेलेल्या एका सामन्यात त्याला तब्बल ५३ मिनिटं खेळवण्यात आलं. लोक काय समजायचं ते समजले. ह्यूस्टनने नाणेफेक जिंकली आणि हकीम ओलाजुवानला घेतलं. पुढे १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं त्याने मिळवून दिली. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने एक मुलगा घेतला, त्याचं नाव मायकेल जॉर्डन. म्हणजे पहिल्या दोन संघांनी जॉर्डनला सोडलं होतं, हेही लक्षात ठेवा. ते पुढे कामाला येणार आहे.

या बोभाट्यानंतर १९८५ पासून लीगने सोडत सुरू केली. बाद फेरीत न गेलेल्या सात संघांची सात पाकिटं एका पिंपात टाकायची, फिरवायची आणि काढायची. सगळ्यांना समान संधी. त्यात तळाचा गोल्डन स्टेट सातव्या क्रमांकावर गेला. दुबळ्यावर हा अन्यायच, म्हणून १९९० पासून जितका संघ खालचा तितकी त्याची शक्यता जास्त, असा नियम आला. १९९३ मध्ये ६६ पैकी केवळ एक शक्यता असलेल्या ऑर्लँडोलाच पहिला क्रमांक लागला, तेव्हा तळाच्या संघाची शक्यता वाढवून २५ टक्के केली. मग टँकिंगची ओरड वाढली, म्हणून २०१९ मध्ये ती १४ टक्क्यांवर आणली आणि तळाच्या तिन्ही संघांना सारखीच ठेवली. लंबक असा चाळीस वर्षं हलतो आहे. दुबळ्याला हात द्यावा तर दुबळं होण्याची चढाओढ लागते, आणि हात आखडावा तर दुबळा दुबळाच राहतो.

पण हे नुसते संशयच आहेत की काही पुरावाही आहे? बेक टेलर आणि जस्टिन ट्रॉग्डन या दोन अभ्यासकांनी २००२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तीन मोसम तपासले: नाणेफेकीच्या काळातला एक, समान सोडतीचा एक आणि कमी-जास्त शक्यतेच्या सोडतीचा एक. बाद फेरीची आशा संपलेले संघ पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात, म्हणजे हरण्यात फायदा होता तेव्हा, अपेक्षेपेक्षा जास्त हरत होते. समान सोडतीच्या मोसमात मात्र तसं दिसलं नाही. माणसं तीच, खेळ तोच, बदलला होता फक्त नियम.

आता श्रोतेहो, मुद्द्याची गोष्ट. मुद्दाम हरतात म्हणजे नेमकं कोण हरतं? आपल्याकडे नुरा कुस्ती हा शब्द आहे. त्यात दोन्ही पैलवान आधी ठरवून खोटे डाव टाकतात. एनबीएत तसं घडत नाही. मैदानावरचा मुलगा जीव तोडूनच खेळत असतो, कारण पुढच्या वर्षीचा करार त्याला याच खेळावर मिळायचा असतो. आणि गंमत बघा, हरून जो नवा खेळाडू येणार, तो बहुधा याचीच जागा घेणार. मग तो कशाला मुद्दाम हरेल? प्रशिक्षकाचंही तेच. हरलेल्या सामन्यांचा आकडा त्याच्या नावावर लागतो, व्यवस्थापकाच्या नाही.

इथे घडतं ते असं, की पैलवान खरा लढतो, पण वस्ताद मुद्दाम हलका पैलवान आखाड्यात उतरवतो. कुस्ती खरी, जोड खोटी. निकाल आखाड्यात ठरत नाही, तो आधी घरी, वहीत ठरलेला असतो. बरा खेळाडू विकायचा, त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षांतले निवडीचे हक्क घ्यायचे, दुखापत बरी झालेल्याला आणखी महिनाभर विश्रांती द्यायची. ओक्लाहोमा सिटी संघाने मार्च २०२१ मध्ये अल हॉरफर्ड या तंदुरुस्त आणि अनुभवी खेळाडूला उरलेल्या मोसमासाठी बाजूला बसवलं, तरुणांना संधी मिळावी म्हणून. कारण खोटं नव्हतं. तरुणांना संधी मिळालीच. आणि संघ हरतही राहिला.

या विद्येचा सर्वांत मोठा प्रयोग फिलाडेल्फियात झाला. २०१३ मध्ये सॅम हिंकी हे तिथे व्यवस्थापक म्हणून आले. त्यांनी काही लपवलं नाही. मधल्या गर्दीत राहून काही साधत नाही, काही वर्षं सोसा, मग फळ मिळेल, असं त्यांचं गणित. पुढच्या तीन मोसमांत संघाने १९, १८ आणि १० सामने जिंकले. म्हणजे २४६ सामन्यांत ४७ विजय आणि १९९ पराभव. पहिल्याच वर्षी सलग २६ सामने हरले. त्याला तिथले लोक 'प्रोसेस' म्हणू लागले, आधी चेष्टेने आणि मग श्रद्धेने. या प्रक्रियेवर विश्वास ठेवा, असा घोष प्रेक्षकांत उठू लागला. एप्रिल २०१६ मध्ये तेरा पानी राजीनामा लिहून हिंकी गेले.

मग फळ मिळालं का? मिळालं आणि नाहीही. २०१४ साली तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला जोएल एम्बीड दुखापतीमुळे पहिले दोन मोसम खेळूच शकला नाही, पण २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ चा तिसरा, २०१६ चा पहिला आणि २०१७ चा पहिला क्रमांक, असे तीन मोठे खेळाडू मिळाले आणि तिघेही पुढे तिथून गेले. २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत संघ पाच वेळा दुसऱ्या फेरीत पोचला आणि पाचही वेळा तिथेच अडखळला. २०१९ मध्ये तर सातव्या सामन्यात, शेवटच्या क्षणी टोरांटोच्या कवाय लेनर्डने टाकलेला चेंडू कड्यावर चार वेळा आपटून आत पडला आणि सगळं संपलं. अजिंक्यपद टोरांटोने नेलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मघाशी सांगितलेला ओक्लाहोमा सिटीचा संघ डिसेंबर २०२१ मध्ये मेंफिसकडून ७३ गुणांनी हरला. एनबीएच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. तोच संघ २०२४-२५ मध्ये ६८ सामने जिंकून जूनमध्ये अजिंक्य ठरला. झालं, हरण्याची विद्या सिद्ध झाली, असं लोक म्हणाले. पण जरा जवळून पाहा. त्यांचा प्रमुख खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर हा २०१९ च्या अदलाबदलीत आलेला, मूळचा ११वी निवड. दुसरा मोठा खेळाडू जेलन विल्यम्स १२वी निवड, तीही दुसऱ्या संघाकडून मिळालेल्या हक्कावर. हरण्याचं थेट फळ म्हणावं असा एकच, चेट होल्मग्रेन, २०२२ ची दुसरी निवड. २०२१ चं अजिंक्यपद मिलवॉकीला मिळवून देणारा यानिस १५वी निवड होता आणि २०२३ चं डेन्व्हरला मिळवून देणारा योकिच ४१वी. म्हणजे पारख असेल तर हिरा कुठेही सापडतो, आणि पारख नसेल तर पहिली निवडही वाया जाते. आठवा, १९८४ साली दोघांनी जॉर्डनला सोडलं होतं.

आता आपल्या वरळीच्या पाहुण्यांकडे परत येऊ. किंग्ज सलग सोळा मोसम बाद फेरीबाहेर राहिले. एनबीएत इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नव्हता. सोळाही वर्षं ते मुद्दाम हरले असं कोणी म्हणणार नाही. पण तळाच्या संघाला मिळणारी मदत त्यांना वर्षानुवर्षं मिळत होती, तरी संघ उभा राहिला नाही. २०१८ मध्ये दुसरी निवड त्यांच्या हातात होती. लुका डॉनचिच समोर होता. त्यांनी मार्विन बॅग्ली घेतला. डॉनचिच पुढच्याच क्रमांकावर गेला. किंग्जचा दुष्काळ संपला तो २०२३ मध्ये, ४८ सामने जिंकून, आणि त्यात मोठा वाटा होता डोमंटास साबोनिसचा, जो त्यांना वर्षभरापूर्वी अदलाबदलीत मिळाला होता. कोणाकडून? इंडियाना पेसर्सकडून. बदल्यात त्यांनी पेसर्सला तायरीज हॅलिबर्टन दिला, स्वतः १२व्या क्रमांकावर निवडलेला तरुण. त्याला घेऊन पेसर्स २०२५ मध्ये अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत लढले. दोन्ही संघ उभे राहिले ते व्यवहाराने, हरण्याने नव्हे.

इथे गोष्ट संपली असती तर बरं वाटलं असतं. पण त्या सातव्या सामन्यातच हॅलिबर्टनची टाच निकामी झाली आणि पुढचा अख्खा मोसम तो बाहेर राहिला. पेसर्स तळाला गेले. आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये लीगने त्यांना एक लाख डॉलर दंड केला, खेळू शकणाऱ्या खेळाडूंना बसवून ठेवल्याबद्दल. त्याच वेळी युटा जॅझला पाच लाख डॉलर दंड झाला, कारण त्यांचे प्रमुख खेळाडू तीन डाव खेळून चौथ्या डावात मैदानात आलेच नाहीत. मोह कोणालाही सुटत नाही, हेच खरं.

दंडाने तरी मोह सुटतो का? डॅलसची गोष्ट ऐका. एप्रिल २०२३ मध्ये बाद फेरीची थोडी आशा शिल्लक असताना डॅलसने शिकागोविरुद्ध आपले बरेच खेळाडू बसवले. डॉनचिच, जो तेव्हा त्यांच्याकडे होता, पहिल्या डावानंतर जेमतेम दिसला. संघ हरला. पहिल्या दहात निवड आली तरच ती त्यांच्याकडे राहणार होती, नाहीतर न्यूयॉर्कला जाणार होती. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. निवड मात्र डॅलसकडेच राहिली. त्या हक्कातून आलेला डेरेक लाइव्हली पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्यांच्या अंतिम फेरीपर्यंतच्या वाटचालीत महत्त्वाचा ठरला. दंड आणि लाभ शेजारी शेजारी मांडून बघा. कुठला व्यापारी हा सौदा सोडेल? आधीही, २०१८ मध्ये, डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन यांना सहा लाख डॉलर दंड झाला होता. हरण्यातच आपलं हित आहे, असं खेळाडूंना सांगितल्याचं ते जाहीरपणे बोलून गेले म्हणून. करणाऱ्याला पकडणं कठीण, बोलणाऱ्याला सोपं.

हा आजार फक्त अमेरिकेचा नाही. १९९९ च्या विश्वचषकात ओल्ड ट्रॅफर्डला ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडिजविरुद्ध अवघ्या १११ धावांसाठी चाळीस षटकं घेतली, कारण वेस्ट इंडिज पुढे जाण्यात त्यांचा फायदा होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटन महिला दुहेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून चेंडूफूल मुद्दाम जाळीत मारणाऱ्या चार जोड्यांना स्पर्धेतून हाकलण्यात आलं. त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा गटातच बाद झाल्या होत्या. दुसऱ्या एका सामन्याबद्दल भारताने तक्रार केली, ती फेटाळली गेली. बॅडमिंटनच्या त्या आठ मुलींना शिक्षा झाली, कारण त्यांचं हरणं डोळ्यांना दिसत होतं. व्यवस्थापकाचं हरणं वहीत असतं, ते दिसत नाही.

आणि आता मला माझीही वही उघडली पाहिजे. त्या सोमवारी मी मुलांना फेऱ्या का मारायला लावल्या, त्याचं कारण तिच्यात आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत आमचा संघ होता. गटातला शेवटचा सामना जिंकलो असतो तर उपांत्य फेरीत गाठ पडणार होती एका फार बलाढ्य संघाशी, जो त्यांच्या गटात अनपेक्षितपणे दुसरा आला होता. हरलो असतो तर समोर हलका संघ. मी रात्री कागदावर हिशेब मांडला आणि सकाळी माझ्या दोन उत्तम खेळाडूंना बाकावर बसवलं. "उद्यासाठी दम राखून ठेवा," असं सांगितलं. बाकीच्या मुलांना काहीच बोललो नाही. ती बिचारी प्राणपणाने खेळली. सहा गुणांनी हरली, आणि हरल्यावर त्यातला एक हमसून रडला. आपलं चुकलं असं त्याला वाटत होतं.

बसवलेल्या दोघांतल्या एकाचे वडील त्या दिवशी आले होते. पहाटेची एसटी धरून, शेतातलं काम टाकून. मुलाला खेळताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सामना संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू विचारलं, "सर, पोराचं काय चुकलं का?" मी म्हटलं, "नाही हो, उद्याच्यासाठी ठेवलाय." ते म्हणाले, "उद्या मला यायला जमायचं नाही." त्यांनी मुलाच्या हातात दहा रुपये दिले आणि स्टँडकडे निघाले.

माझा हिशेब मात्र चोख निघाला. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना आम्ही जिंकलो, अंतिम फेरीत गेलो, उपविजेते ठरलो. तो चषक आजही शाळेच्या कपाटात आहे. मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं. नियम मी एकही मोडला नव्हता. पण त्या चषकासमोरून जाताना मला चषक कधी आठवला नाही. आठवतात ते स्टँडकडे चाललेले वडील, आणि तो रडणारा मुलगा, ज्याला मी आजवर खरं सांगितलेलं नाही.

म्हणून टँकिंगबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इतकंच. ते चालतं की नाही, यावर वाद घालत बसू नये. कधी चालतं, कधी नाही. प्रश्न आहे त्याची किंमत कोण देतो. व्यवस्थापक म्हणतो, आज सोसा, पाच वर्षांनी फळ मिळेल. पण तिकीट आजचं असतं. मुलाला घेऊन आलेल्या माणसाची सुट्टी आजची असते. बावीस वर्षांच्या ज्या खेळाडूला त्या १९९ पराभवांतून चालत जावं लागलं, त्याची ती उमेदीची वर्षं असतात. फळ आलंच तर ते खायला त्यातले फार थोडे तिथे उरतात. खेळ पाहायला येणाऱ्याचं आणि खेळणाऱ्याचं एक न लिहिलेलं वचन असतं, की दोन्ही बाजू आज जिंकायला उतरल्या आहेत. त्या एका वचनावर सगळा खेळ उभा आहे.

उपाय काय? व्यवस्थापकांना नीतिपाठ देऊन काही होणार नाही. नियम जिथे नेतो तिथे हिशेबी माणूस जातो. उत्तर अमेरिकेत २०२४ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने एक वेगळी वाट धरली आहे. तिथे बाद फेरीची आशा संपल्यानंतर जो संघ जास्त गुण मिळवेल, त्याला आधी निवड मिळते. दुबळ्या संघाची आशा लवकर संपते, म्हणजे त्याच्या हातात सामने जास्त, म्हणजे मदत दुबळ्यालाच. पण ती हरून नव्हे, जिंकून मिळवायची. या योजनेतही कोणी पळवाट काढेल. तरी तिची दिशा मला योग्य वाटते, कारण तिच्यात शेवटच्या सामन्यालाही अर्थ राहतो.

त्या दिवशी मैदानावर ज्याला उत्तर दिलं नाही, तो मुलगा आता कॉलेजात आहे आणि अजून बास्केटबॉल पाहतो. त्याला मी आज सांगेन: बाळा, मैदानातले मुद्दाम हरत नाहीत. ते हरावेत अशी सोय दुसरं कोणी तरी करून ठेवतं. यापुढे मार्च-एप्रिलमध्ये तळाच्या दोन संघांचा सामना लागला, तर आधी गुणफलक बघू नकोस. बाकावर कोण बसलंय ते बघ. आणि जे खेळतायत, त्यांच्यासाठी टाळ्या वाजव.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)